हाताच्या फोल्डिंग मशीनवर गुण्यात बसणारा बेंड: मशीन सेट करण्यापासून ट्रे वळवण्यापर्यंत

पत्र्याच्या पट्टीच्या एका टोकाला बेंड बरोबर ९० अंशाला बसतो, दुसऱ्या टोकाला गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावला की उजेड दिसतो आणि मधे पोट आलेलं असतं, हे ज्यांनी बघितलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. अशा वेळी बहुतेक जण म्हणतात की मशीन गेलं, आता नवीन घ्यायला पाहिजे. मीही तेच म्हणायचो. माझं मशीन चार फुटी आहे, १६ गेजचं (गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचा नंबर, नंबर वाढला की पत्रा पातळ), सेकंडहँड घेतलेलं, आणि पहिले सहा महिने मी प्रत्येक बेंडनंतर लाकडी हातोड्याने ठोकून काम सरळ करत होतो कारण मला कोणी सांगितलंच नव्हतं की पत्र्याची जाडी बदलली की मशीनचं सेटिंगही बदलावं लागतं. पाना घेऊन दहा मिनिटं द्यायची असतात, बाकी काही नाही. ती दहा मिनिटं नेमकी कशात घालवायची ते सगळं खाली आहे.

मशीनचे भाग आणि आतमधे काय घडतं

तीन मोठे भाग आहेत. खाली बेड, त्याच्यावर पत्रा ठेवायचा. वर क्लॅम्पचा बीम, जो दोन्ही बाजूंच्या हँडलने पत्र्यावर दाबला जातो, त्याची पुढची पातळ धार म्हणजे नोज. आणि पुढे बिजागरीवर फिरणारा लांब पाट, ज्याला एप्रन म्हणतात, तो उचलला की पत्रा नोजभोवती वळतो. फिंगरवालं मशीन असेल तर नोजच्या जागी सुट्या सुट्या फिंगर असतात, वेगवेगळ्या रुंदीच्या, त्यामुळे चारही बाजू वळवून डबा करता येतो. सरळ नोजच्या मशीनवर समोरासमोरच्या दोन बाजू होतात, तिसरी वळवायला गेलात की आधी उभ्या केलेल्या भिंती बीमला अडकतात. तुम्हाला ट्रे आणि पॅनेल बॉक्स करायचे असतील तर फिंगरवालंच घ्या, फक्त पन्हळ, फ्लॅशिंग, चॅनेल असली कामं असतील तर सरळ नोजवालं जास्त चांगलं, त्याचा बेंड सलग येतो, फिंगरच्या सांध्यांचे डाग पडत नाहीत. अमेरिकेत या सरळ मशीनला कॉर्निस ब्रेक म्हणतात कारण तिकडे इमारतींच्या छताखालच्या पत्र्याच्या नक्षीपट्ट्या, म्हणजे कॉर्निस, यावर वळवायचे.

आता एक गोष्ट नीट डोळ्यासमोर आणा. एप्रन ९० ला उभा केला की त्याचा चेहरा आणि नोजची धार यांच्यामधे फट राहते आणि त्या फटीत पत्र्याची जाडी मावावी लागते. ती फट म्हणजेच गॅप, म्हणजे बेडच्या पुढच्या कडेपासून नोज किती मागे आहे ते अंतर. गॅप पत्र्याच्या जाडीपेक्षा कमी असेल तर एप्रन पत्र्याला नोजवर चिरडतो, हँडल जड होतं, बीम मागे ढकलला जातो. गॅप फार जास्त असेल तर बेंड गोल येतो, कोपरा उठून दिसत नाही. बाकी सगळ्या तक्रारी बऱ्याचदा इथूनच निघतात.

आधी क्षमता बघा

मशीनवर १६ गेज लिहिलंय म्हणजे पूर्ण लांबीत १६ गेज माइल्ड स्टील, स्टेनलेस नव्हे. स्टेनलेसला ताकद बरीच जास्त लागते, मी १६ गेजच्या मशीनवर पूर्ण लांबीत स्टेनलेस (एसएस) २० गेजपेक्षा जाड घेत नाही.

गेजचाही एक घोळ आहे. आपल्याकडे दुकानात बहुतेक एसडब्ल्यूजी (ब्रिटिश स्टँडर्ड वायर गेज) चालतो, त्यात १६ गेज म्हणजे १.६ मिमी, १८ म्हणजे १.२, २० म्हणजे ०.९, २२ म्हणजे ०.७, २४ म्हणजे ०.५६ धरा. पण अमेरिकन तक्त्यात आकडे वेगळे आहेत, तिथला गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, २४ गेज साधारण ०.७ मिमी भरतो, म्हणजे आपला २२. म्हणून परदेशी व्हिडिओ बघून सेटिंग केलं की फसायला होतं. गेज विसरा, व्हर्निअर किंवा मायक्रोमीटर लावा आणि मिमीमधे बोला.

आणि जाडी थोडी वाढली की ताकद थोडीच वाढेल असं वाटतं, तसं नाही. ताकद जाडीच्या वर्गाने वाढते. १.६ वरून २ मिमी वर गेलात तर दीडपटीहून जास्त जोर लागतो. ०.९ आणि १.६ यांच्यात तिपटीचा फरक आहे. मी एकदा घाईत ३ मिमीची फ्लॅट पट्टी घातली, रुंदी फक्त सहा इंच होती म्हणून वाटलं चालेल, हँडलला पाइप लावून उचललं, बेंड बसला पण नोजला तिथे कायमचा खड्डा पडला जो आजही प्रत्येक पातळ पत्र्यावर उमटतो. हँडलला पाइप लावावा लागतोय याचा अर्थ ते काम या मशीनचं नाही. गोल सळई, वेल्डिंगचा सांधा, घडी घातलेली दुहेरी शिवण हे तर कधीच बेंडच्या रेघेत येऊ द्यायचं नाही.

मशीन बसवणं

जमिनीला फास्टनरने पक्कं करा, पण घट्ट करायच्या आधी बेडवर पाणसळ ठेवा, लांबीतही आणि आडवीही, दोन्ही टोकांना वेगवेगळी. एका पायाखाली पोकळी असताना नट आवळले तर अख्खी फ्रेम पिळली जाते आणि मग तुम्ही कितीही सेटिंग करा, दोन टोकांचा कोन सारखा येत नाही. पायाखाली पत्र्याचे तुकडे पॅकिंग म्हणून घाला, चारही पाय आपोआप टेकले पाहिजेत, नट आवळून टेकवायचे नाहीत. पुढे एप्रन उचलायला आणि मागे लांब पत्रा टेकवायला जागा सोडा, हँडलला काउंटरवेट असेल तर ते फिरतं त्या घेऱ्यात कोणी उभं राहणार नाही अशी.

सेटिंग, याच क्रमाने

पहिलं, एप्रन आणि बेड एका पातळीत आहेत का बघा. एप्रन पूर्ण खाली असताना दोघांवर मिळून सरळ पट्टी आडवी ठेवा, डावीकडे, मधे, उजवीकडे. एप्रन वर आलेला असेल तर क्लॅम्प करतानाच पत्रा उचलला जातो, खाली गेला असेल तर बेंड गोल येतो. बिजागरीजवळच्या बोल्टने तो वरखाली होतो. हे रोज करायचं नाही, एकदा नीट केलं की महिनोन्महिने हलत नाही.

दुसरं, क्लॅम्पचा दाब. जो पत्रा वळवायचाय त्याचेच दोन तुकडे घ्या, एक डाव्या टोकाला, एक उजव्या टोकाला, आणि क्लॅम्प बंद करा. दोन्ही तुकडे हाताने ओढून बघा, हलता कामा नयेत. हँडल शेवटच्या थोड्या प्रवासात घट्ट होऊन बसलं पाहिजे, पण अंग टाकून दाबावं लागत असेल तर दाब जास्त झालाय. दोन्ही बाजूंच्या लिंकवर (हँडल आणि बीम जोडणाऱ्या दांड्यांवर) स्क्रू आणि लॉक नट असतात, नट सैल करा, पाव फेरी फिरवा, परत बघा. पत्र्याची जाडी बदलली की हे प्रत्येक वेळी करायचं, अगदी २२ वरून २० वर गेलात तरी. एका बाजूला दाब कमी राहिला की तिथे वळवताना पत्रा पुढे सरकतो आणि फ्लँज (वळवलेली बाजू) तिरका येतो, मग लोक मार्किंगला दोष देतात.

तिसरं, गॅप. क्लॅम्प मोकळा करा, बीमच्या मागच्या दोन्ही टोकांचे बोल्ट फिरवून बीम पुढेमागे होतो. पातळ पत्र्याला, म्हणजे मशीनच्या क्षमतेपेक्षा बराच खाली असाल तेव्हा, गॅप पत्र्याच्या जाडीइतका किंवा जरा जास्त. क्षमतेच्या जवळचा पत्रा असेल तर जाडीच्या दुप्पट. माझ्या मशीनवर ०.९ ला मी १ मिमी ठेवतो, १.६ ला ३ च्या वर. मोजायची सोपी पद्धत अशी की पत्र्याचा तुकडा क्लॅम्प करा, एप्रन बरोबर ९० ला उचलून कोणाला तरी धरायला लावा आणि नोज आणि एप्रनच्या मधल्या फटीत फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घाला, ते नसेल तर त्याच पत्र्याचा तुकडा उभा घालून बघा. डावीकडे आणि उजवीकडे सारखा लागला पाहिजे. डोळ्याने सारखा दिसतो म्हणून सोडू नका, अर्ध्या मिमीचा फरक डोळ्याला दिसत नाही पण कोनात दिसतो.

फिंगर असतील तर एक काम आणखी. सगळ्या फिंगरच्या धारा एका रेघेत पाहिजेत. सैल करून लांब सरळ पट्टीला टेकवा, मग एकेक आवळा, आवळताना फिंगर किंचित फिरतं म्हणून शेवटी परत पट्टी लावून बघा. फिंगर बसते त्या जागेत एक बारीक कीस जरी अडकला तरी ते पुढे झुकतं, म्हणून आधी फडक्याने पुसायचं.

चौथं, कोनाचा स्टॉप. पण हा आत्ता लावू नका, आधी टेस्ट.

टेस्ट पट्टी, आणि त्यातून निघणारा आकडा

पत्रा वळला की बाहेरून मोजताना कोपऱ्यातली जाडी दोन्ही बाजूंत धरली जाते, म्हणून बाहेरून मोजलेल्या दोन बाजूंची बेरीज सपाट पत्र्यापेक्षा जास्त भरते. किती जास्त हे पुस्तकातल्या सूत्रातून काढता येतं पण तुमच्या मशीनचा तुमच्या गॅपला येणारा गोलवा पुस्तकाला माहीत नाही, म्हणून मी पट्टीवरच विश्वास ठेवतो. त्याच पत्र्याची बरोबर १०० मिमी लांब, दोन इंच रुंद पट्टी कापा. बर, म्हणजे कापताना कडेला राहिलेली खरखरीत धार, कानशीने काढा. मधे ५० वर स्क्राइबरने हलकी रेघ मारा. रेघ नोजच्या धारेला लावून क्लॅम्प करा आणि ९० ला वळवा. आता दोन्ही बाजू बाहेरून व्हर्निअरने मोजा. समजा एक ५०.७ आली, दुसरी ५०.९. बेरीज १०१.६. म्हणजे या पत्र्याला प्रत्येक ९० च्या बेंडमागे १.६ मिमी वजा करायचे. ०.९ च्या पत्र्याला साधारण एवढाच येतो. मशीनजवळच्या भिंतीवर जाडी, माल, गॅप आणि हा आकडा असा तक्ता लिहून ठेवा, मी खडूने लिहायला सुरुवात केली होती, आता पेंटने लिहिलाय.

दोन बाजूंमधे फरक का आला, ५०.७ आणि ५०.९? कारण रेघ नोजच्या धारेला लावली तरी बेंडचा मध्य अगदी तिथेच पडेल असं नाही. फरक ०.२ असेल तर सोडून द्या, १ मिमी येत असेल तर रेघ धारेच्या किती आत किंवा बाहेर ठेवायची ते याच पट्टीवरून ठरवा.

छोटी पट्टी एका टोकाला लावून क्लॅम्प करायची असेल तर दुसऱ्या टोकाला त्याच जाडीचा तुकडा घालायचा, नाहीतर बीम तिरका दाबला जातो. आणि रोज सगळी छोटी कामं डाव्या कोपऱ्यातच करायची सवय असते, तिथेच मशीन लवकर झिजतं, जागा बदलत राहा.

कोनाचं म्हणाल तर एप्रन ९० ला थांबवलात की पत्रा थोडा परत येतो. माझ्याकडे सीआर (कोल्ड रोल्ड, थंड लाटलेला) पत्रा १ ते २ अंश परत येतो, स्टेनलेस ३ ते ४. म्हणून तेवढं पुढे न्यायचं, बाहेर काढून गुण्या लावायचा, कमी असेल तर परत घालून वाढवायचा. बरोबर आला की मग स्टॉप आवळा. जास्त मिटलेला कोन उघडणं त्रासाचं असतं, म्हणून कमीकडून सुरुवात करा.

पूर्ण लांबीचा बेंड बघून काय दुरुस्त करायचं

आता पूर्ण चार फुटी पट्टी वळवा आणि तीन ठिकाणी गुण्या लावा.

एक टोक जास्त मिटलंय, दुसरं बरोबर: मिटलेल्या टोकाला गॅप कमी आहे, तिथला बीम थोडा मागे घ्या. एक टोक उघडं राहिलंय: आधी तिथला क्लॅम्पचा दाब बघा, तो ठीक असेल तर गॅप जास्त आहे, बीम किंचित पुढे. एका वेळी एकच बोल्ट आणि पाव फेरी, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

दोन्ही टोकं बरोबर पण मधे उघडं: एप्रन किंवा बीम मधे वाकतोय. काही मशीनला एप्रनच्या खाली किंवा बीमच्या वर ताणाचा रॉड असतो, त्याचा नट आवळला की मधला भाग पुढे येतो. रॉड नसेल तर एप्रनला जाड अँगल बोल्ट करून बघा, बऱ्याच मशीनबरोबर तो सुटा येतोच आणि लोक कोपऱ्यात टाकून देतात. तरीही पोट येत असेल तर पत्रा मशीनला जड होतोय.

बेंडच्या पाठीवर बारीक तडे: पत्रा रोलिंगच्या दिशेला समांतर वळवलाय. पत्र्यावर बारीक रेषा दिसतात, बेंड त्यांना आडवा पाडा. अॅल्युमिनियममधे ग्रेड विचारून घ्या, ५०५२ छान वळतो, ६०६१ टी६ या टोकदार नोजवर तुटणारच. जीआय (गॅल्व्हनाइज्ड) पत्र्यावर जस्ताचे पापुद्रे निघत असतील तर गॅप वाढवा, गोलवा थोडा मोठा येऊ द्या, नाहीतर त्याच रेघेवर गंज धरतो. कोकणात जाणाऱ्या पन्हळीला तर मी मुद्दाम गोलवा ठेवतो.

प्रत्यक्ष काम: ३०० बाय २०० चा ४० उंचीचा ट्रे

०.९ चा पत्रा, वजा आकडा १.६. लांबीत ४० अधिक ३०० अधिक ४०, त्यातून दोन बेंडचे ३.२ वजा, म्हणजे ३७६.८. रुंदीत तसंच २७६.८. बेंडची रेघ कडेपासून ३९.२ वर, म्हणजे ४० मधून अर्धा आकडा, ०.८ वजा. चारही बाजूंना हीच. कोपऱ्यातले ३९.२ चे चौकोन कापायच्या आधी रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे पंच मारून ३ मिमीचं भोक पाडा, मग कापा. भोक नसेल तर कोपरा वळताना फाटतो किंवा फुगतो. कापलेल्या सगळ्या कडांचा बर कानशीने काढा, हाताला लागतो म्हणूनही आणि बर नोजखाली गेला तर नोजला व्रण पडतो म्हणूनही.

आधी दोन लहान बाजू वळवा. रेघ नोजच्या धारेला, क्लॅम्प हलका लावा, दोन्ही टोकांनी रेघ बघा, मग पूर्ण दाबा. एप्रन दोन्ही हातांनी, एका लयीत उचला, झटका नको. दोघं जण असतील तर एकानेच बोलायचं, "उचल" म्हटल्याशिवाय दुसऱ्याने हात लावायचा नाही, आणि क्लॅम्प बंद करणाऱ्याने आधी समोरच्याची बोटं बघायची. पत्रा हाताळताना हातमोजे घाला.

आता लांब बाजू. भिंती उभ्या आहेत, त्यांच्या आत मोकळी जागा ३०० वजा दोन जाड्या म्हणजे २९८.२. फिंगर अशा निवडा की एकूण रुंदी २९५ च्या आसपास येईल, बाकीच्या काढून बाजूला ठेवा. काढायचा कंटाळा करून नुसत्या सरकवल्या तर भिंत त्यांना घासते. फिंगरची उंची ट्रेच्या भिंतीपेक्षा जास्त आहे ना तेही आधीच बघा, ४० ला बहुतेक मशीन चालतात, १५० च्या डब्याला बऱ्याच मशीनवर अडतं. चौथी बाजू वळल्यावर ट्रे फिंगरभोवती अडकल्यासारखा वाटतो, ओढू नका, क्लॅम्प पूर्ण वर उचला आणि ट्रे पुढे तिरका करून काढा.

ट्रेच्या वरच्या कडेला हेम हवी असेल, म्हणजे कड आत दुमडून धार बोथट करायची, तर ती सगळ्यात आधी करायची, सपाट पत्रा असतानाच. तिचं माप कटिंगमधे धरा, १० मिमी पुरते, आणि कोपऱ्यात ती तिरकी कापा नाहीतर दोन हेम एकमेकींवर चढतात. एप्रन जाईल तिथपर्यंत, साधारण १३५ अंशांपर्यंत वळवा, पत्रा काढा, अर्धवट दुमडलेली कड बीमखाली ठेवा आणि क्लॅम्पने हळू दाबा. हे फक्त पातळ पत्र्याला, २२ गेज आणि त्याहून पातळ, आणि दाबायच्या आधी क्लॅम्पचे स्क्रू सैल करायचे कारण आता आत दुप्पट जाडी आहे. ०.९ ला मी क्लॅम्पने दाबत नाही, ऐरणीवर लाकडी हातोड्याने बसवतो.

काम झाल्यावर

बेड आणि नोज कोरड्या फडक्याने पुसा. बिजागरीच्या पिना आणि लिंकच्या पिनांना आठवड्याला दोन दोन थेंब तेल, रोज काम असेल तर रोज, पण नोजवर आणि बेडवर तेल राहू देऊ नका, पत्रा सरकतो. पावसाळ्यात बंद राहणार असेल तर तेलाचा हात फिरवून ठेवा आणि वापरायच्या आधी पुसा. रात्री क्लॅम्प आवळलेला ठेवायचा नाही, मोकळा सोडा, आणि एप्रन पूर्ण खाली आहे ना बघून मगच लाइट बंद करा.